माया

एकशे एकवीसचे अठ्ठावन्न झाले
तेव्हा वजनकाट्यानं पोच दिली,
कातडीनं दिली नाही.
पाहुणे उठून गेल्यावर सतरंजी पसरलेली राहते
तशी ती राहिली.
पोटावरची घडी उचलून आत पावडर लावायची.
जिन्यावरून भराभर उतरले की टाळ्या वाजायच्या,
माझ्याच, मलाच.

घणसोली गावठाणात माझं दुकान.
बावीस वर्षं लोकांचे ब्लाउज उसवून आत घेतेय.
म्हणून वाशीच्या डॉक्टर वर्टींनी
कागदावर माझं अंग काढलं
तेव्हा मी पेशंटसारखी बसले नाही.
चष्मा लावला.

"पोट आणि छाती एका दिवशी.
रक्त टिकलं, वेळ उरला, तर दंडही.
मांड्या तीन महिन्यांनी."
सगळं एकदाच का नाही? मी विचारलं,
एकदाच भूल, एकदाच दुकान बंद.
त्या म्हणाल्या, पोटाचं वर ओढणार,
मांडीचंही वर ओढणार,
मधल्या शिवणीनं ऐकायचं कुणाचं?
हे मला लगेच कळलं.
मुंढा आणि कंबर एका दमात घेणाऱ्या पोरीला
मी काय वेगळं सांगते!

विमावाला म्हणाला, ही हौस झाली.
मे महिन्यात घडीखाली फुटलेलं कातडं
फोनवर कसं दाखवणार?
भिशी उचलली. पाटल्या मोडल्या.

त्या सकाळी उभं करून रेघा मारल्या, जांभळ्या.
माझा खडू निळा असतो.
सिस्टर म्हणाली, हलू नका हं.
बावीस वर्षं हे वाक्य माझं होतं.

मी एकच विचारलं: माया किती ठेवणार?
डॉक्टर थांबल्या.
माया म्हणजे शिवणीच्या आत दडवलेलं कापड,
दोन बोटं. अंग भरलं
तर उसवून सोडता येतं.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या,
"ओढ न बसता मिटेल एवढं ठेवते.
त्याहून जास्त नाही."

मग पेन दंडावर आलं. उजव्या.
निहार पाच वर्षांचा होईपर्यंत
तिथलं मऊ, गार मास मुठीत धरून झोपायचा.
सोडवलं की झोपेतच शोधायचा.
आता सोळाचा आहे, दार लावून झोपतो.
हे काही कारण नाही,
केसपेपरवर लिहिण्यासारखं तर नाहीच.
मी म्हटलं, वेळ उरला तरी
दंड पुढच्या खेपेला, मांड्यांबरोबर.
त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं रेघ पुसली.
सगळी गेली नाही.

सहा तास लागले म्हणे. दोन डॉक्टर,
एक वरती, एक खाली.
जागी झाले तर कमरेत वाकलेली,
दोन्ही बाजूंना नळ्या, नळ्यांत लालसर पाणी.
कातरण कुठं गेलं?
पिवळ्या पिशवीत, सिस्टर म्हणाली.
किती भरलं?
दोन किलो नऊशे.
आमच्याकडे कातरणाच्या उशा होतात.
इथं नुसती सही.

घरी निहार नळ्यांचं पाणी मोजतो,
केमिस्ट्रीच्या वहीत मागल्या पानावर लिहितो:
डावी पस्तीस, उजवी चाळीस.
तोंड वाकडं करत नाही.
पट्टा इतका घट्ट की मोठ्यानं हसू नये.
आरशात मी अजून गेले नाही,
बेंबी नवीन आहे, एवढं कळलंय.

आठव्या रात्री बाथरूमला उठायचं होतं.
हाक मारली. तो अर्धवट झोपेत आला,
एक हात पाठीखाली घातला,
दुसऱ्यानं धरलं ते उजव्या दंडाला,
नेमकं तिथं.
मूठ आता केवढी तरी झालीये,
त्यात सगळं मावलं.
त्याला आठवत नसणार.
मीही काही बोलले नाही.
"लवकर, आई," म्हणाला, "झोप येतेय."

पुढची तारीख बावीस ऑगस्ट.
मांड्या आणि दंड, दोन्ही.
फॉर्मवर सही करून ठेवलीये.